अदृश्याची मुलाखत : एच. जे. डब्ल्यू. डॅम यांच्या क्ष-किरणविषयक वार्तालेखनाची चिकित्सा

गोषवारा

व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाची वार्ता काही आठवड्यांत जगभर पसरली. हा शोध सामान्य वाचकापर्यंत सविस्तर पोहोचविणाऱ्या आरंभीच्या लेखनात अमेरिकन पत्रकार व नाटककार एच. जे. डब्ल्यू. डॅम यांच्या मुलाखतीला महत्त्वाचे स्थान आहे. ही मुलाखत 'मॅक्‌क्लुअर्स मॅगझीन'च्या एप्रिल १८९६ च्या अंकात प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखात तिचे व डॅम यांच्या १८९७ मधील बिनतारी संदेशवहनविषयक लेखाचे चिकित्सक वाचन केले आहे. स्वतःचे उतावीळ प्रश्न आणि शास्त्रज्ञाने त्यांना दिलेला नकार ही दोन्ही जशीच्या तशी नोंदविणे, हे या लेखनाचे बळ होय. रुग्ण आणि अपाय यांविषयीचे मौन ही त्याची मर्यादा होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विज्ञान-पत्रकारिता, क्ष-किरण, वैद्यकीय प्रतिमांकन, मुलाखत, राँटगेन, जगदीशचंद्र बसू.

प्रस्तावना

वैद्यकीय प्रतिमांकनाचा इतिहास सामान्यतः शोधक, यंत्रे आणि पारितोषिके यांच्या क्रमाने सांगितला जातो. १८९५ मधील क्ष-किरण, १९७१ मध्ये लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सी. टी. स्कॅनद्वारे तपासला गेलेला पहिला रुग्ण, १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांनी प्रसिद्ध केलेले चुंबकीय अनुस्पंदन-प्रतिमेचे तंत्र, असे टप्पे पाठ्यपुस्तकांतून आढळतात. या क्रमात वार्ताहराला जागा नसते. परंतु शरीराच्या आत पाहता येते ही गोष्ट रुग्णाने प्रथम दवाखान्यात अनुभवली नाही. बहुतेकांनी ती आधी वर्तमानपत्रात वाचली. यंत्राकडून काय अपेक्षावे, त्याला किती घाबरावे आणि त्याच्या निर्णयावर किती विसंबावे, याविषयीच्या लोकसमजुतीचा पाया अशा वाचनाने घातला. म्हणून वार्ताहराने काय विचारले आणि काय विचारले नाही, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. तो वाचकाच्या देहाशी निगडित होतो.

अभ्यासविषय व मर्यादा

डॅम यांच्या समग्र पत्रकारितेचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू नाही. राँटगेन यांची मुलाखत आणि बसू व मार्कोनी यांच्याशी झालेल्या संभाषणांवर आधारलेला लेख, या दोन संहितांपुरताच विचार येथे केला आहे. एकात क्ष-किरण व दुसऱ्यात विद्युत्-तरंग असा विषयभेद असला, तरी भिंत भेदून जाणारी अदृश्य शक्ती हे दोहोंचे समान सूत्र आहे.

१. बातमीची पार्श्वभूमी

राँटगेन यांनी वुर्झबर्ग येथील प्रयोगशाळेत ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा प्रथम अनुभव घेतला. त्यानंतरचे काही आठवडे त्यांनी जवळजवळ एकांतात प्रयोग केले. २२ डिसेंबर रोजी पत्नी आना बेर्था यांच्या हाताची प्रतिमा घेतली, आणि २८ डिसेंबर रोजी आपला संक्षिप्त निबंध तेथील भौतिकी-वैद्यकीय मंडळाकडे सुपूर्द केला. या किरणांचे स्वरूप ज्ञात नसल्यामुळे त्यांनी त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव दिले. मराठीने या नामकरणाचा आशय नेमका उचलला आहे. मराठी बीजगणितात 'क्ष' हे अज्ञाताचे अक्षर असल्याने 'क्ष-किरण' या शब्दात मूळ शोधकाची सावध कबुली अद्याप टिकून आहे.

बातमी मात्र सावध नव्हती. ५ जानेवारी १८९६ रोजी व्हिएन्नाच्या 'डी प्रेसे' या पत्राने ती प्रथम दिली; तीत शास्त्रज्ञाचे नावही चुकीचे छापले गेले होते. हाडांच्या दुखापतींचे निदान करण्यासाठी या शोधाचा उपयोग होईल ही शक्यता त्याच वृत्तात वर्तविलेली होती. म्हणजेच वैद्यकीय प्रतिमांकन प्रत्यक्षात रुजण्यापूर्वीच त्याचे भाकीत छापले गेले होते. राँटगेन यांनी या विषयावरील आपले जाहीर व्याख्यान २३ जानेवारी रोजी दिले, तोवर ती वार्ता अटलांटिकपार पोहोचली होती. शास्त्रज्ञाच्या बोलण्याआधीच जगाने त्याचे म्हणणे ठरवून टाकले होते. अशा वेळी प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जाऊन मूळ माणसाला विचारणे, ही कृतीच पत्रकारितेच्या दृष्टीने मोलाची होती. ती डॅम यांनी केली.

२. नाटककाराची दृष्टी

डॅम हे विज्ञानाचे पदवीधर म्हणून नव्हे, तर नाटककार म्हणून परिचित होते. लंडनच्या गेइटी थिएटरमध्ये नोव्हेंबर १८९४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'द शॉप गर्ल' या लोकप्रिय संगीत-विनोदी नाटकाची संहिता त्यांची होती. या पार्श्वभूमीचा ठसा मुलाखतीवर स्पष्ट उमटलेला आहे. प्रथम संस्थेच्या इमारतीचे वर्णन, मग खोलीतील उपकरणांची मांडणी आणि त्यानंतर नायकाचा प्रवेश, अशी तिची रचना नाट्यप्रवेशासारखी आहे. राँटगेन उंच व सडपातळ होते, त्यांचे केस कपाळावरून सरळ उभे राहिलेले होते, आणि जणू स्वतःच्याच उत्साहाने ते विद्युत्‌भारित झाले असावेत, असे वर्णन डॅम करतात. अनोळखी प्राध्यापक वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करण्याचे काम ही उपमा चोख करते. त्याचबरोबर शास्त्रज्ञ म्हणजे विस्कटलेल्या केसांचा झपाटलेला माणूस, या पुढे रूढ झालेल्या प्रतिमेलाही ती हातभार लावते.

परंतु नाट्यदृष्टीचा खरा लाभ प्रयोगाच्या वर्णनात दिसतो. डॅम यांना धातूच्या पत्र्याच्या, माणूस उभा राहू शकेल एवढ्या एका मोठ्या पेटीत शिरण्यास सांगण्यात आले. दार बंद झाले. आत पूर्ण अंधार होता आणि निर्वात नळी पेटीबाहेर होती. प्रवाह सुरू होताच बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद उजळला. मध्ये जाडजूड पुस्तक धरले तरी तो उजेड नाहीसा झाला नाही. येथे डॅम किरणांची व्याख्या देत बसत नाहीत. आपल्या इंद्रियांना काय कळले आणि काय कळले नाही एवढेच सांगतात. अदृश्य ते दृश्य होते काय, या त्यांच्या प्रश्नाला राँटगेन यांनी दिलेले उत्तर असे होते की, ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे परिणाम दिसतात. पुढील सव्वाशे वर्षांतील प्रतिमांकनाचे सूत्र या उत्तरात सामावलेले आहे. चित्रात दिसते ती वस्तू नव्हे, तर वस्तूने किरणांवर केलेला परिणाम होय.

३. प्रश्न आणि नकार

मुलाखतीचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तीतील नकारांची मालिका. प्रथम चमक दिसली तेव्हा आपल्याला काय वाटले, असे डॅम यांनी विचारले. आपण काही वाटून घेतले नाही, तर शोध घेतला, अशा अर्थाचे उत्तर राँटगेन यांनी दिले. हा प्रकाश आहे काय, या प्रश्नाला नाही. ही वीज आहे काय, याला ज्ञात स्वरूपातील तरी नाही. आणि मग हे आहे तरी काय, याला आपल्याला माहीत नाही, अशी ही उत्तरे आहेत. भविष्याविषयी विचारता आपण भविष्यवेत्ते नाही, निष्कर्ष पडताळून झाले की प्रसिद्ध करू, असे राँटगेन यांनी सांगितले.

येथे वार्ताहराच्या स्वभावाची कसोटी लागते. डॅम थांबत नाहीत. शरीरातील अवयवांचे छायाचित्र घेता येईल काय, असे ते विचारतात. व्हिएन्नाच्या एका प्राध्यापकाने तशी शक्यता जाहीर केल्याचा दाखला देतात. शेवटी तर जठरात सोडलेल्या निर्वात नळीच्या साहाय्याने आतून बाहेर छायाचित्रे घेता येतील काय, इथपर्यंत कल्पना ताणतात. राँटगेन यांना या कल्पनेची गंमत वाटली. आपण ते केले की सांगू, एवढेच ते हसून म्हणाले.

वार्ताहराला ही फजिती वगळता आली असती. अवयवांची छायाचित्रे लवकरच, असा मथळा देऊन त्याने अंक अधिक खपविला असता. डॅम यांनी स्वतःचा प्रश्न आणि त्याला मिळालेला थंड प्रतिसाद शेजारी शेजारी छापले. परिणामी या संहितेत दोन आवाज ऐकू येतात. एक आवाज वाचकाच्या अधीर आशेचा आहे आणि तो वार्ताहराच्या मुखातून येतो. दुसरा पडताळणीच्या शिस्तीचा आहे आणि तो शास्त्रज्ञाच्या मुखातून येतो. दुसऱ्याने पहिल्याला वारंवार अडविल्यामुळे लेख स्वतःच स्वतःची दुरुस्ती करीत पुढे जातो. विज्ञान-वार्तेची विश्वसनीयता लेखकाच्या शास्त्रीय ज्ञानावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती त्याने विरोधी उत्तराला दिलेल्या जागेवर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

४. 'छायाचित्रण' या शब्दाची अडचण

असे असले तरी लेखाच्या शीर्षकाकडे दुर्लक्ष करता येत नाही. डॅम यांच्या लेखाला छायाचित्रणातील नवे आश्चर्य अशा अर्थाचे शीर्षक होते. मुलाखतीतील राँटगेन किरणांविषयी बोलत असताना शीर्षक मात्र चित्राविषयी बोलते. राँटगेन यांचा त्या काळातील वृत्तपत्रांबद्दलचा आक्षेप नेमका हाच होता. फेब्रुवारी १८९६ मध्ये लुडविग झेंडर या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तक्रार केली की, छायाचित्रण हे आपल्या दृष्टीने केवळ साधन होते, लोकांनी तेच मुख्य करून टाकले, आणि वृत्तांतांमधून आपल्याला आपलेच काम ओळखू येईनासे झाले.

हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. छायाचित्र या शब्दाबरोबर कॅमेरा, भिंग आणि हुबेहूबपणा या कल्पना येतात. क्ष-किरण प्रतिमा ही मुळात सावली होय. किरण भिंगाने एकवटले जात नाहीत. हाड, स्नायू व धातू त्यांना कमी-अधिक प्रमाणात अडवितात आणि त्या अडवणुकीचा नकाशा पट्टीवर उमटतो. सावली वाचावी लागते, छायाचित्र नुसते पाहिले तरी चालते, असा सर्वसाधारण समज असतो. सावलीला छायाचित्र म्हटल्यामुळे वाचणाऱ्याचे, म्हणजे पुढे क्ष-किरणतज्ज्ञाचे, कौशल्य वाचकाच्या नजरेआड झाले. यंत्रात आले म्हणजे खरेच आले, या रुग्णांच्या बोलण्यातून आजही आढळणाऱ्या विश्वासाचे एक मूळ या शब्दयोजनेत शोधता येते. मराठीत 'फोटो काढला' हा शब्दप्रयोग क्ष-किरण तपासणीसाठी सर्रास होतो, ही त्याच प्रक्रियेची खूण होय.

५. दुसरी मुलाखत : बसू आणि मार्कोनी

सुमारे एका वर्षानंतर, मार्च १८९७ मध्ये, डॅम यांचे बिनतारी संदेशवहनावरील लेखन 'मॅक्‌क्लुअर्स' तसेच लंडनच्या 'स्ट्रँड मॅगझीन'मधून प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी इंग्लंडमध्ये असलेल्या जगदीशचंद्र बसू आणि गुल्येल्मो मार्कोनी या दोघांची भेट घेतली होती. बसू यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये लिव्हरपूल येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे आणि २९ जानेवारी १८९७ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपले काम मांडले होते. कलकत्त्यातील एका प्राध्यापकाला पाश्चात्त्य लोकप्रिय नियतकालिकात, नव्या विज्ञानाचा कर्ता म्हणून, मार्कोनींच्या बरोबरीने स्थान मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पद्धतीच्या दृष्टीने पाहता मात्र दोन्ही लेखांतील साम्य डोळ्यांत भरते. राँटगेन यांना जठरातील नळीविषयी विचारणारे डॅम येथे मार्कोनी यांना रस्त्यापलीकडच्या घरातील बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविता येईल काय, असे विचारतात आणि तेथून युद्धनौकेच्या दारूगोळ्यापर्यंत जातात. शक्यतेला तिच्या टोकापर्यंत रेटणे ही डॅम यांची प्रश्नपद्धतीच होती. फरक उत्तर देणाऱ्यात पडला. तरुण मार्कोनी यांनी, तारा वा पत्रे त्या दारूत ठेवता आले तर, या अटीवर ती शक्यता मान्य केली; आपल्या तरंगांचे वेगळेपण कशात आहे हे मात्र आपण सांगू शकत नाही, आपण शास्त्रज्ञ नाही, असेही ते म्हणाले. जेथे उत्तर देणाऱ्याने प्रश्नाला खीळ घातली नाही, तेथे लेख कल्पनेच्या प्रवाहात वाहत गेला. यावरून पहिल्या मुलाखतीतील संयमाचे श्रेय वाटून घ्यावे लागते. तो संयम नोंदविण्याचा प्रामाणिकपणा डॅम यांचा होता. संयम स्वतः राँटगेन यांचा होता. वार्ताहर जेव्हा स्वतःजवळ निकष बाळगत नाही, तेव्हा त्याच्या लेखाची गुणवत्ता समोरच्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहते.

६. लेखात नसलेला रुग्ण

डॅम यांच्या मुलाखतीत यंत्र आहे, शास्त्रज्ञ आहे, वार्ताहर आहे. ज्याच्यावर हे किरण पडणार, तो रुग्ण प्रश्नकर्त्याच्या भूमिकेतून कोठेच बोलत नाही. किती वेळ किरणांपुढे बसावे लागेल, खर्च कोण करील, इजा होईल काय, हे प्रश्न विचारले गेलेले नाहीत. स्वतः पेटीत शिरलेल्या वार्ताहरालाही आपल्या देहाविषयी शंका आली नाही. यावर असा बचाव करता येईल की, १८९६ च्या आरंभी अपायाची कल्पना कोणालाच नव्हती. हा बचाव त्या लेखापुरता ग्राह्य आहे. परंतु त्याच वर्षी केस गळणे, त्वचा भाजणे अशा तक्रारी प्रसिद्ध होऊ लागल्या होत्या, आणि एलिहू थॉमसन यांनी स्वतःच्या बोटावर प्रयोग करून धोक्याची सूचना दिली होती. टॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांना किरणांच्या दीर्घ संपर्कामुळे कर्करोग झाला, हात गमवावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी तर क्ष-किरणांवरील काम सोडून दिले.

या घटनांच्या तुलनेत १८९७ चा लेख पाहिला असता लोकप्रिय विज्ञान-पत्रकारितेची एक सवय लक्षात येते. ती एका आश्चर्याकडून दुसऱ्या आश्चर्याकडे जाते. पहिल्या आश्चर्याचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी थांबत नाही. शोधाचा दिवस हा बातमीचा दिवस ठरतो, वापराची दहा वर्षे बातमीबाहेर राहतात. डॅम १९०६ मध्ये निवर्तले, तोवर क्ष-किरणांचे बळी नोंदविले जाऊ लागले होते. हा दोष एकट्या डॅम यांचा म्हणता येणार नाही. नियतकालिकाचा मासिक फेरा आणि नवलाईची मागणी यांचा तो दोष होय. तथापि समीक्षेने त्याची नोंद घेणे अगत्याचे आहे, कारण ही सवय पुढेही टिकून राहिली.

७. आजच्या संदर्भात

२०१६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी असे मत मांडले की, नव्या क्ष-किरणतज्ज्ञांना प्रशिक्षण देणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. हे विधान जगभर उद्धृत झाले. प्रत्यक्षात प्रतिमावाचनात संगणकाचे साहाय्य वाढले, पण तज्ज्ञांची गरज संपली नाही. पुढे हिंटन यांनीही आपले विधान अतिव्यापक असल्याचे मान्य केले. राँटगेन यांच्या मुलाखतीशी या प्रसंगाची तुलना केल्यास भूमिकांची अदलाबदल दिसते. येथे भाकीत शास्त्रज्ञाने केले होते. ते अडविण्याची जबाबदारी वार्ताहरावर होती. अनेक वृत्तांतांनी ती पार पाडली नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी गंभीर बाजू आहे. सोनोग्राफी हे तंत्र गर्भाच्या आरोग्यासाठी आले आणि लिंगनिदानासाठी वापरले गेले. त्याला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत झाला, आणि त्यात लिंगनिदानाच्या जाहिरातीसही बंदी घालण्यात आली. प्रतिमेविषयी काय छापले जाते याचा समाजावर परिणाम होतो, हे येथे कायद्यानेच मान्य केले. या प्रश्नावर मोलाची वार्ता ठरली ती यंत्राचे नावीन्य सांगणारी नव्हे, तर यंत्र वापरले गेल्यानंतर काय घडले हे सांगणारी. डॅम यांच्या मुलाखतीत जी जागा रिकामी आहे, ती भरण्याची आवश्यकता याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

१. डॅम यांची मुलाखत ही केवळ कुतूहलाची वस्तू नसून विज्ञान-पत्रकारितेतील एक अभ्यसनीय संहिता आहे. वार्ताहराची अधीरता आणि शास्त्रज्ञाचा संयम या दोहोंना तिने समान जागा दिली आहे.

२. नाटककाराच्या दृष्टीमुळे प्रयोगाचे वर्णन इंद्रियगोचर झाले. त्याच दृष्टीमुळे शास्त्रज्ञाची साचेबंद प्रतिमाही बळावली.

३. किरणांच्या शोधाला छायाचित्रणाचे आश्चर्य म्हणून सादर केल्याने प्रतिमा ही वाचावी लागणारी सावली आहे, ही जाणीव मागे पडली.

४. १८९७ च्या लेखाशी तुलना केली असता संयमाचा निकष डॅम यांच्या स्वतःच्या पद्धतीत नव्हता, तो मुलाखत देणाऱ्याकडून आला होता, असे दिसते. वार्ताहराने तो निकष स्वतःजवळ बाळगणे आवश्यक आहे.

५. रुग्ण, अपाय आणि वापरानंतरची वर्षे हे या लेखनातील अनुपस्थित विषय होत. प्रतिमांकनाविषयी पुढे झालेल्या व होणाऱ्या वार्तालेखनाचे मूल्यमापन करताना, त्याने शोधाच्या दिवसापलीकडे पाहिले किंवा नाही, ही कसोटी लावली पाहिजे.

आपल्याला माहीत नाही, असे राँटगेन यांनी सांगितले, आणि डॅम यांनी ते छापले. आज या किरणांचे स्वरूप पूर्णपणे ज्ञात आहे. तरीही भाषेने 'क्ष' सोडलेला नाही. अज्ञाताची ही खूण वार्ताहराच्या वहीतही राहिली, तर वाचकाचे हितच होईल.